'लुईस मिगेल' ही मालिका मनापासून पाहायची असेल तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'लुईस मिगेल : ला सेरिये' ही मेक्सिकन मालिका मी पहिल्यांदा लावली तेव्हा मला स्पॅनिशचा गंध नव्हता. आज तिचा पहिला सीझन माझा तीनदा पाहून झाला आहे. ज्यांना ज्यांना मी ती पाहायला सांगितली, त्यांच्याकडून तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढते. गोष्टीतली महत्त्वाची वळणं कुठेही फोडलेली नाहीत. जे जगजाहीर आहे तेवढंच सांगितलं आहे.

ही मालिका कोणाबद्दल आहे?

लुईस मिगेल या गायकाबद्दल. पूर्ण नाव लुईस मिगेल गायेगो बास्तेरी. जन्म १९ एप्रिल १९७०, पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन इथे. वडील लुईसितो रेय स्पेनच्या कादिस शहरातले, स्वतः गायक. आई मार्सेला बास्तेरी इटलीची, संगमरवरासाठी प्रसिद्ध असलेल्या कारारा गावची. आणि या मुलाला जग ओळखतं ते 'एल सोल दे मेहिको', म्हणजे 'मेक्सिकोचा सूर्य' या नावानं. चार देशांचं हे गणित लक्षात ठेवा, मालिका समजायला त्याचा फार उपयोग होतो.

अकराव्या वर्षी तो गायला लागला, १९८२ मध्ये पहिला अल्बम आला आणि त्यानंतर त्याला लहान मूल म्हणून कोणी वागवलंच नाही. १९८५ मध्ये, चौदाव्या वर्षी, शीना ईस्टन या गायिकेबरोबरच्या युगुलगीतासाठी ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी इटलीच्या सानरेमो महोत्सवात तो दुसरा आला. हे सगळं मिळत असताना घरात काय चाललं होतं, ते मालिका सांगते. १९८६ नंतर त्याची आई सार्वजनिकरीत्या कधीच दिसली नाही. 'माझी आई कुठे आहे?' हा त्या मुलाचा प्रश्न पहिल्या सीझनच्या प्रत्येक भागातून वाहत राहतो.

मी या गायकाचं एकही गाणं ऐकलेलं नाही. आधी ऐकून घेऊ का?

नको. कोऱ्या कानांनी बसा.

मेक्सिकोतल्या प्रेक्षकाला ही गाणी पाठ होती. लग्नात, गाडीत, रेडिओवर वर्षानुवर्षं ऐकलेली गाणी, आणि मालिकेमुळे त्यांच्यामागचं घर पहिल्यांदा दिसलं. आपल्याला ते उलट्या क्रमानं मिळतं. आधी मुलगा भेटतो, मग त्याचं गाणं. माझ्या मते हा तोटा नाही. ओळखीच्या गाण्याच्या आठवणी आड येत नाहीत, ते त्या प्रसंगाचंच होऊन कानात शिरतं.

स्पॅनिश येत नाही. डबिंग लावू की सबटायटल?

मूळ आवाज आणि सबटायटल. याबाबतीत मी अगदी हट्टी आहे. गायकाच्या आयुष्यावरची मालिका डब करून पाहिली की बोलणारा माणूस एक आणि गाणारा दुसराच, असं होतं. संवाद एका गळ्यातून येतात, गाणं सुरू झालं की गळा बदलतो आणि सगळा विश्वास तिथेच तुटतो.

पहिले दोन भाग वाचताना दमायला होईल. डोळे खाली पट्टीवर आणि कान वर पडद्यावर, अशी ओढाताण होते. तिसऱ्या भागापर्यंत ती बसते. तोवर एका वेळी एकच भाग पाहा. मोबाइलवर पाहू नका, कारण तिथे अक्षरं आणि चेहरा दोन्ही लहान होतात आणि या मालिकेत चेहऱ्यांवर बरंच काही घडतं.

इंग्रजी सबटायटल वाचून पुरेसं समजतं का?

गोष्ट समजते. नाती मात्र पुसट होतात, आणि तिथेच मराठी येणाऱ्याला एक मोठी सोय आहे.

स्पॅनिशमध्ये 'तू' आहे आणि 'उस्तेद' आहे. पहिला शब्द तर आपलाच, उच्चारही तोच, अर्थही तोच. 'उस्तेद' म्हणजे आपलं आदरार्थी 'तुम्ही'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे पट्टीवर हा फरक दिसतच नाही. कोण कोणाला 'अरे-तुरे' करतंय, कोण अंतर राखून बोलतंय, कोणी मध्येच सलगीवर आलं, हे पट्टी सांगत नाही. कान सांगतो. मी दुसऱ्यांदा पाहताना फक्त हे दोन शब्द ऐकायचे असं ठरवून बसले, तेव्हा रेकॉर्ड कंपनीतली माणसं, घरातली माणसं आणि मैत्रिणी यांच्याशी होणाऱ्या बोलण्यात केवढा फरक आहे ते कळलं. पट्टीवर ही सगळी माणसं एकाच पट्टीत बोलत होती.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. 'आलो', 'गेलीस' असं म्हटलं की आपल्याला 'मी' आणि 'तू' वेगळं सांगावं लागत नाही. स्पॅनिशचंही तसंच आहे, कर्ता क्रियापदाच्या शेपटीत असतो. म्हणून कोणी मुद्दाम 'यो', म्हणजे 'मी', असं म्हणतं तेव्हा त्यात जोर असतो. 'गेलो' आणि 'मी गेलो' यांत जेवढं अंतर, तेवढंच. भांडणाच्या प्रसंगांत हा 'यो' ऐका. बापाच्या तोंडी तो किती येतो आणि मुलाच्या तोंडी किती उशिरा येतो, याकडे माझं लक्ष गेलं तेव्हापासून मी त्या प्रसंगांकडे वेगळ्या नजरेनं पाहते.

तिसरी गोष्ट लाडाची. 'लुईस'चं 'लुईसितो' होतं, जसं आपल्याकडे 'बाळ'चं 'बाळू'. घरात मुलाचं नाव 'मिकी'. 'मिहो' हा शब्द सतत कानावर पडेल. 'मी इहो', म्हणजे 'माझ्या मुला', याचंच बोलताना घासून झालेलं रूप ते. पट्टीवर त्याच्या जागी कधी 'मुला' येतं, कधी काहीच येत नाही. मनातल्या मनात 'बाळा' म्हणून वाचा, बरोबर बसतं.

थोडक्यात काय, पट्टी इंग्रजी असली तरी मनात मराठीत वाचा. दोन भाषांच्या मध्ये इंग्रजी नुसती उभी आहे, तिला ओलांडलं की पलीकडे स्पॅनिश बरीच जवळ असते.

प्रत्येक पात्राचं स्पॅनिश वेगळं वाटतं. हा भास आहे का?

भास नाही, तुमचा कान तयार झाला आहे.

बाप स्पेनच्या दक्षिणेचा, आंदालुसियाचा. तिथे शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात, शब्द एकमेकांवर आदळत येतात. लुईसितो रेयचं काम करणारा ऑस्कर हाएनादा हा स्पॅनिश नट आहे. याआधी त्यानं कामारोन दे ला इस्ला या फ्लेमेंको गायकाची भूमिका करून गोया हा स्पेनचा चित्रपट पुरस्कार मिळवला होता, आणि तो गायकही कादिस प्रांतातलाच. तो ढंग त्याच्या तोंडात बसला आहे ते उगाच नाही. उगो लोपेस हा व्यवस्थापक अर्जेंटिनाचा, आणि त्याचं काम करणारा सेसार बोर्दोनही तिथलाच. त्याच्या बोलण्यात 'यो'चा 'शो' झालेला ऐकू येईल आणि 'तू'च्या जागी 'वोस' येईल. आई इटालियन, तिच्या स्पॅनिशला इटालियन हेल आहे आणि माहेरच्या माणसांत ती सरळ इटालियनवर जाते. मुलगा यांच्यामध्ये वाढतो आणि बोलतो मेक्सिकन. घरात बापाची बोली, बाहेर मित्रांची. कोणाच्या बाजूला तो झुकला आहे, हे अनेकदा त्याच्या हेलावरून कळतं.

मेक्सिकन बोलीतले तीन शब्द ओळखून ठेवा. 'वे' हा मित्रामित्रांतला शब्द, आपल्या 'अरे यार'सारखा वाक्याच्या शेवटी लटकतो. 'मांदे?' म्हणजे हाक मारल्यावर अदबीनं दिलेली ओ, 'काय म्हणालात?'. आणि 'आओरिता'. शब्दशः 'आत्ताच', पण आपल्या 'आलोच'इतकाच बेभरवशाचा.

'कोन्यो, मिकी!' याचा अर्थ काय? मला ते कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं.

स्पेनमधली शिवी आहे ती, रागात, आश्चर्यात, कौतुकात कुठेही वापरतात. मालिकेत बाप मुलावर ओरडताना ती वापरतो आणि मालिका चालू असताना लॅटिन अमेरिकेत लोकांच्या तोंडी ती बसली, विनोद झाले, चित्रं फिरली. मी विनोद आधी पाहिले असते तर मालिकेत ते वाक्य आल्यावर मला हसू आलं असतं. तसं झालं नाही, आणि त्याचं मला बरं वाटतं. नीट ऐका. पहिला शब्द थोबाडीत मारल्यासारखा येतो, आणि लगेच पाठोपाठ घरातलं लाडाचं नाव. एकाच श्वासात मार आणि माया. त्या मुलाला आपल्या बापापासून सुटायला इतकी वर्षं का लागली, याचं उत्तर या दोन शब्दांत आहे.

बाप सहन होत नाही. पुढे पाहू का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला आहे. एका जवळच्या व्यक्तीनं याच कारणासाठी चौथ्या भागाला मालिका सोडली, आणि तिचं कारण खरं होतं.

मला जे दिसलं ते सांगते. हाएनादा हा बाप खलनायक म्हणून रंगवत नाही. तो स्वतः गायक आहे, चांगला गातो, आणि आपलं नाव मोठं झालं नाही हे त्याला पचलेलं नाही. मुलाच्या गळ्यात आपल्याहून मोठं काहीतरी आहे, हे सगळ्यांच्या आधी त्यानंच ओळखलं. शिकवलंही त्यानंच. श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे सोडायचा, उभं कसं राहायचं. म्हणजे आपल्याला जो आवाज आवडतो त्यात या माणसाचा हात आहे. मालिकेनं हे झाकलं नाही, याबद्दल मला तिचा आदर वाटतो. सगळं काळं रंगवलं असतं तर सोपं झालं असतं. इथे आपण त्याचा तिरस्कार करत असतो आणि तेवढ्यात तो गिटार घेऊन बसतो.

तुमच्या स्वतःच्या घरात असं काही घडलेलं असेल तर मात्र जपून. एका दमात पाहू नका, आणि नाही पाहिली तरी काही बिघडत नाही.

गाणारा आवाज कोणाचा आहे? खऱ्या गायकाचा?

नाही, आणि ही मालिकेची सगळ्यांत धाडसाची गोष्ट आहे. दिएगो बोनेता हा तरुण लुईस मिगेल होतो आणि गाणी तो स्वतः गायला आहे. मूळ गायकाबरोबर वर्षानुवर्षं काम केलेल्या किको सिब्रियान यांच्याबरोबर त्यानं ती तयार केली. लहानपणीचं काम इसान युनास या मुलानं केलं. त्याच्या घरात गाणं आहे, स्पेनचे प्रसिद्ध गायक दियांगो हे त्याचे आजोबा. मधल्या वयाचा मिकी लुईस दे ला रोसा.

बोनेता नक्कल करत नाही. लुईस मिगेल शब्द जसा सोडतो, मान मागे टाकून सूर जसा लांबवतो, ते त्यानं घेतलं आहे, पण आवाज बोनेताचाच राहतो. मूळ गाणं नंतर ऐकलं की दोघांतलं अंतर कळतं. मूळ आवाजात जी सहजता आहे ती शिकून येत नाही. तरी मालिका पाहताना हे अंतर मला टोचलं नाही, कारण कष्ट करणारा माणूस दाखवायचा असेल तर गळ्यात थोडे कष्ट ऐकू आलेले चालतात.

गाण्यांच्या वेळी सबटायटल गायब होतात. शब्द कसे कळणार?

त्या वेळी ते कळले नाहीत तरी चालतील. आधी चाल आणि चेहरा घ्या. भाग संपल्यावर त्या एका गाण्याचा अर्थ शोधा आणि तो प्रसंग पुन्हा लावा. पहिल्या सीझनमधल्या भागांना त्याच्याच गाण्यांची नावं आहेत, त्यामुळे कुठलं गाणं शोधायचं हे सांगावं लागत नाही.

अर्थ मराठीत लावून पाहण्यात वेगळीच मजा आहे. 'ला इन्कोन्दिसिओनाल' हे १९८८ च्या अल्बममधलं गाणं घ्या. नुसत्या 'ला'वरून कळतं की ही स्त्री आहे, अटी न घालता कायम सोबत असणारी. त्याचं चित्रीकरण पेद्रो तोरेस यांनी केलं. कापलेले केस, लष्करी गणवेश, कवायत, आणि तो सगळा शिस्तीचा सरंजाम असताना गाणं मात्र मागे राहिलेल्या मुलीचं. किंवा 'नो से तू'. शब्दशः 'तुझं माहीत नाही'. वाक्य अर्धंच आहे. 'तुझं माहीत नाही, पण मी...' असं पुढे येणार हे मराठी माणसाला न सांगता कळतं, आपणही बोलताना असंच तोडतो.

कथा मागेपुढे उड्या मारते. मी हरवते.

सुरुवातीला सगळेच हरवतात. सालं लक्षात ठेवायचा खटाटोप करू नका, मिकीचं वय पाहा. मुलगा, पोरसवदा आणि तरुण, असे तीन चेहरे आहेत. तरुण मिकीनं एखादा निर्णय घेतला की थोड्याच वेळात लहान मिकी येतो आणि त्या निर्णयाचं मूळ सापडतं. आणखी एक खूण म्हणजे शेजारी कोण उभं आहे. बाप असेल तर जुना काळ, उगो लोपेस असेल तर नंतरचा. अगदीच डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं वाटलं तर केस पाहा. ऐंशीच्या दशकातले त्याचे केस विसरता येत नाहीत.

यातलं किती खरं आणि किती रचलेलं?

आधी हे समजून घ्या की मालिका लुईस मिगेलच्या संमतीनं झाली आहे. क्वचितच मुलाखत देणाऱ्या, खासगी आयुष्याबद्दल वर्षानुवर्षं गप्प राहिलेल्या माणसानं आपली बाजू सांगायला ही वाट निवडली. त्यामुळे आतल्या गोष्टी मिळतात, आणि त्या एकाच खिडकीतून दिसतात. वडील डिसेंबर १९९२ मध्येच वारले होते. त्यांची बाजू मांडायला ते नव्हते.

अल्बम, पुरस्कार, महोत्सव, वडिलांपासून वेगळं होणं, उगो लोपेस यांच्या हाती कारभार जाणं, ही चौकट नोंदलेल्या घटनांची आहे. आतला मजकूर, म्हणजे बंद दारामागचे संवाद, फोनवरची बोलणी, कोण कधी काय म्हणालं, हे लेखकांचं काम. काही पात्रांची नावं बदलली आहेत, एरिका हे त्यातलं एक. काही पात्रं दोन-तीन माणसं मिळून घडवली असावीत असं पाहताना वाटत राहतं, आणि महिन्यांच्या घटना एका संध्याकाळीत बसवल्या जातात. चरित्रावरच्या कुठल्याही मालिकेत हे होणारच.

आईबद्दल मालिका जे सांगते तेही मालिकेचं सांगणं आहे, हे मनात ठेवा. एका बाईचं खरोखर काय झालं हे आजही उघडपणे सिद्ध झालेलं नाही. तो प्रसंग पाहून मी रडले, पण दुसऱ्या दिवशी कोणाला सांगताना 'मालिकेत असं दाखवलंय' एवढंच म्हणाले. त्या बाईला तेवढा मान देणं मला गरजेचं वाटतं.

पाहता पाहता इंटरनेटवर शोधलं तर चालेल?

पहिला सीझन संपेपर्यंत शोधू नका. मी तिसऱ्या भागाच्या मध्ये एका नटाचं नाव शोधायला गेले आणि पहिल्याच ओळीत पुढच्या दहा भागांचा ऐवज वाचून बसले. नाव शोधायचं असेल तर कागदावर लिहून ठेवा. मेक्सिकोतल्या प्रेक्षकांना २०१८ मध्ये ही मालिका दर रविवारी एकेक भाग अशी मिळाली. आठवडाभर वाट, मग पुढचा. गंमत अशी, की त्या देशात गायकांचं नशीब ठरवणारा जुना कार्यक्रमही रविवारचाच होता. 'सिएम्प्रे एन दोमिंगो', म्हणजे 'नेहमी रविवारी'. राउल वेलास्को तो चालवत, १९६९ ते १९९८ पर्यंत. मालिकेत त्याचा मंच दिसतो तेव्हा तो मंच म्हणजे काय होतं, हे एवढ्यावरून कळावं. जमत असेल तर तुम्हीही आठवड्याला एक-दोनच भाग घ्या.

बोलेरो म्हणजे नक्की काय? सगळे तो शब्द फार प्रेमानं उच्चारतात.

प्रेमानं उच्चारण्यासारखाच आहे. स्पेनमध्ये याच नावाचं नृत्य आहे, त्याच्याशी गल्लत करू नका. हा बोलेरो क्युबाचा. सान्तिआगो दे कुबा इथे पेपे सान्चेस यांनी १८८३ च्या सुमारास रचलेलं 'त्रिस्तेसास' हे पहिलं बोलेरो मानतात. तिथून तो समुद्र ओलांडून मेक्सिकोच्या युकातान भागातून आत आला आणि मेक्सिकोनं त्याला असं घरात घेतलं की परका राहिलाच नाही. संगीतकार आगुस्तीन लारा यांनी तो शहरात रुजवला, १९४४ मध्ये सुरू झालेल्या लोस पान्चोस या त्रिकुटानं गिटारीवर तो जगभर नेला.

कानाला तो आपल्या भावगीताच्या जवळचा वाटेल. तीन-साडेतीन मिनिटं, एकच भाव, शब्द पुढे आणि वाद्यं त्यांच्या मागे. गाणारा कोणाच्या तरी अगदी कानाशी बोलल्यासारखा गातो. आणि बोलेरोत प्रेयसीला 'तुम्ही' म्हणण्याचीही रीत आहे. 'उस्तेद' नावाचं एक प्रसिद्ध बोलेरोच आहे. आपल्याकडे बायकोच्या तोंडचं 'अहो' कळतं त्याला पुरुषाच्या तोंडचं हे 'तुम्ही' चटकन कळतं. जवळीक इतकी आहे की अदबीनंच पेलवते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हा प्रकार आजीआजोबांचा झाला होता. पॉपचा लाडका, विशीतला लुईस मिगेल जुनी बोलेरो गाणार, हे अनेकांना पटलं नाही. १९९१ मध्ये 'रोमान्से' हा बोलेरोंचा अल्बम आला. सोबत युकातानच्या मेरिदा गावचे थोर संगीतकार आर्मान्दो मान्सानेरो, वाद्यमेळ बेबू सिल्वेत्ती यांचा. लाखो प्रती खपल्या आणि मुलं आपल्या आजीबरोबर तीच गाणी म्हणू लागली. २०२३ मध्ये क्युबा आणि मेक्सिकोच्या बोलेरोला युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली. 'नो से तू' मान्सानेरोंचंच. त्यात तो सुरुवातीला जवळजवळ बोलतोच. खालच्या स्वरात, घाई नाही. आणि मग आवाज वर जातो तेव्हा तो जोर केल्यासारखा जात नाही, खिडकी उघडल्यासारखा जातो.

दुसरा आणि तिसरा सीझन पाहावा का?

पाहा, पण अपेक्षा बदलून. पहिला तेरा भागांचा. पुढचे दोन २०२१ मध्ये आले, आठ आणि सहा भागांचे. त्यांत मिकी मोठा आहे, नाव आहे, पैसा आहे, आणि ज्या माणसांवर टेकायचं ती एकेक करून दूर होतात. उगो लोपेस यांचा १९९३ मधला मृत्यू, स्वतःच्या मुलीशी असलेलं नातं, भाऊ. वय वाढलेला मिकी दाखवायला बोनेताला रंगभूषेचा मोठा थर चढवला आहे, त्याची सवय व्हायला वेळ लागतो. बाप नसल्यानं कथेतली आग मंदावते. मला दुसरा सीझन आवडला, तिसरा घाईत उरकल्यासारखा वाटला.

मुलांबरोबर पाहता येईल का?

लहान मुलांबरोबर नको. शिव्या, दारू, अंथरुणातले प्रसंग आहेत, आणि त्याहून जड म्हणजे एका मुलाला मोठ्यांनी वापरून घेणं. चौदा-पंधरा वर्षांच्या, गाणं शिकणाऱ्या मुलामुलीबरोबर आई-बापानं शेजारी बसून पाहिली तर मात्र बोलण्यासारखं पुष्कळ निघेल. त्या वयाच्या मिकीचा आवाज फुटतो तेव्हा घरात जी घबराट होते, ती मुलांना फार लवकर कळते.

संपल्यावर रिकामं वाटतंय. आता काय ऐकू?

आता मूळ आवाजाकडे जा, आणि वयाच्या क्रमानं जा. १९८४ चं 'पालाब्रा दे ओनोर', अजून मुलाचा गळा. मग १९८७ चं 'आओरा ते पुएदेस मार्चार', आवाज फुटून नवा झालेला, आणि स्वतःवर खूश. 'ला इन्कोन्दिसिओनाल'. मग थेट 'रोमान्से', पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. कानात हेडफोन घाला आणि श्वास ऐका. वाक्याच्या आधीचा, अगदी लहान, पटकन घेतलेला. मालिकेत बाप मुलाला श्वास शिकवत असतो ना, तोच तिथे आहे. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा गाणं थांबवून तेवढाच तुकडा पुन्हा लावला होता.